विश्लेषण : स्वस्त सिंथेसायझर की महागडा? जास्तीचे पैसे नेमके कशाचे?

१९८२ साली मुंबईत एक ध्वनिमुद्रिका निघाली. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी भैरव, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले होते. सोबतीला तबला नव्हता, सतार नव्हती. होती ती रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे. त्यातल्या ‘ज्युपिटर-८’ची अमेरिकेतली किंमत तेव्हा पाच हजार डॉलरच्या वर होती, तर ‘टीबी-३०३’ ही प्लास्टिकची छोटी पेटी चारशे डॉलरच्या आत मिळत होती. तिसरे यंत्र म्हणजे ‘टीआर-८०८’ हे ठेका देणारे ड्रम मशिन. ध्वनिमुद्रिका फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली. २०१० मध्ये ती पुन्हा प्रकाशित झाली, तेव्हा जगभरातले श्रोते चकित झाले. त्यांचे लक्ष वेधून घेतले ते महागड्या ज्युपिटरने नव्हे, तर त्या चारशे डॉलरच्या पेटीने.

आज घरबसल्या संगीत करू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न असतो. ऑनलाइन दुकानात काही हजार रुपयांचा सिंथेसायझर दिसतो आणि त्याच्याच शेजारी काही लाखांचा. दोन्हींवर पट्ट्या सारख्याच, दोन्हींतून आवाज येतो. मग मधला फरक कशाचा? ईएमआय काढून मोठे यंत्र घ्यावे का? जाणून घेऊ.

सिंथेसायझर म्हणजे नेमके काय?

हार्मोनियममध्ये हवेने पितळी सूर थरथरतात, सतारीत तार थरथरते. सिंथेसायझरमध्ये थरथरणारी वस्तूच नसते. तिथे विजेचा दाब सेकंदाला शेकडो वेळा वर-खाली होतो आणि स्पीकर त्याचे आवाजात रूपांतर करतो.

हे काम साधारण तीन टप्प्यांत होते. पहिला टप्पा ऑसिलेटरचा. तो मूळ सूर निर्माण करतो. हा सूर कच्चा, झणझणीत असतो. दुसरा टप्पा फिल्टरचा. गाताना तोंडावर हात धरला की आवाज बुजतो आणि हात काढला की खुलतो, तसे काम फिल्टर करतो. तिसरा टप्पा एन्व्हलपचा. सूर कसा सुरू व्हावा, किती टिकावा आणि कसा विरावा, हे तो ठरवतो. तबल्याची थाप एकदम येते आणि लगेच विरते, तर बासरीचा सूर हळूहळू भरतो. एकाच ऑसिलेटरला वेगवेगळे एन्व्हलप दिले की तो कधी थापेसारखा वागतो, कधी फुंकरीसारखा.

स्वस्त असो वा महाग, ॲनालॉग सिंथेसायझरचा हा पाया एकच असतो. सॉफ्टवेअरमध्येही बहुतेक वेळा याच पायऱ्यांचे गणित मांडलेले असते.

मग ‘कॅसिओ’ म्हणजे सिंथेसायझर नव्हे का?

महाराष्ट्रात भजनी मंडळापासून बँजो पार्टीपर्यंत कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला सर्रास ‘कॅसिओ’ म्हटले जाते. पण दुकानात सर्वाधिक दिसणारे हे कीबोर्ड ‘अरेंजर’ प्रकारातले असतात. त्यांच्यात पियानो, बासरी, व्हायोलिन असे तयार आवाज भरलेले असतात. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ठेका आणि साथ आपोआप सुरू होते. एकट्या वादकाला लग्नाचा किंवा गाण्यांचा कार्यक्रम निभावून नेता यावा, यासाठी ते बनवलेले असतात.

सिंथेसायझरचा उद्देश वेगळा असतो. आवाज मुळापासून घडवणे किंवा असलेला आवाज मोडून-तोडून नवा करणे, हे त्याचे काम. तिसरा प्रकार ‘वर्कस्टेशन’. त्यात तयार आवाज, आवाज घडवण्याची सोय आणि पूर्ण गाणे नोंदवण्याची सोय एकत्र असते.

खरेदीतली पहिली चूक इथेच होते. कार्यक्रमात वाजवण्यासाठी कीबोर्ड हवा असलेला वादक नॉबच्या मोहात पडून सिंथेसायझर घेतो आणि त्यात ढोलकीचा ठेका सापडत नाही म्हणून हिरमुसतो. उलट नवे आवाज शोधणारा विद्यार्थी अरेंजर घेतो आणि महिनाभरात त्याला कंटाळतो. दोन्ही ठिकाणी दोष किमतीचा नसतो, निवडीचा असतो.

जुनी यंत्रे इतकी महाग का होती?

१९६०च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट मोग यांनी बनवलेले सिंथेसायझर कपाटाएवढे असत. १९७० साली त्यांच्या कंपनीने ‘मिनीमोग मॉडेल डी’ आणला. तो उचलून नेता येत होता आणि त्याची किंमत सुमारे दीड हजार डॉलर होती. तरीही त्यावर एका वेळी एकच सूर वाजत असे. कॉर्ड वाजवणे शक्यच नव्हते.

कारण साधे होते. ॲनालॉग यंत्रात प्रत्येक सुरासाठी स्वतंत्र ऑसिलेटर, स्वतंत्र फिल्टर, स्वतंत्र एन्व्हलप लागतो. आठ सूर एकत्र हवे असतील, तर हे सगळे आठ वेळा बसवावे लागते. ज्युपिटर-८ मध्ये प्रत्येक सुराला दोन याप्रमाणे १६ ऑसिलेटर होते. शिवाय तापमान बदलले की ॲनालॉग ऑसिलेटर बेसूर होतात. त्या सर्वांना सुरात ठेवण्यासाठी आणखी सर्किट लागते. किंमत वाढत जाते ती अशी.

१९८३ साली यामाहाच्या ‘डीएक्स-७’ने हे समीकरण बदलले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये एक पद्धत शोधली होती. एका लहरीने दुसऱ्या लहरीची कंपनसंख्या वेगाने बदलली, की घंटेसारखे, पितळेसारखे गुंतागुंतीचे आवाज निघतात. यामाहाने ही पद्धत डिजिटल चिपमध्ये बसवली. डीएक्स-७ एका वेळी १६ सूर वाजवू शकत होता आणि त्याची किंमत होती सुमारे दोन हजार डॉलर. तेच गणित करणारे ‘डेक्स्ड’ नावाचे सॉफ्टवेअर आज संगणकावर फुकट मिळते. एका पिढीने दोन हजार डॉलर मोजून घेतलेला आवाज दुसऱ्या पिढीला विनामूल्य मिळाला आहे.

स्वस्त यंत्रांनी इतिहास घडवला तो कसा?

टीबी-३०३ चे उदाहरण सर्वात बोलके आहे. तादाओ किकुमोतो यांनी ते घडवले होते ते गिटारवादकांना घरी सराव करताना बास गिटारची साथ मिळावी म्हणून. पण त्याचा आवाज बास गिटारसारखा मुळीच नव्हता. सूर आणि त्यांची लय वेगवेगळी भरावी लागत असल्याने ते वापरायलाही किचकट होते. १९८१ मध्ये आलेले हे यंत्र १९८४ मध्ये बंद झाले आणि सेकंडहँड दुकानांत कवडीमोलाने मिळू लागले.

शिकागोतील ‘फ्युचर’ या गटातील तरुणांच्या हाती असेच एक जुने यंत्र लागले. एकच सुरावट फिरत ठेवून त्यांनी फिल्टरचे नॉब फिरवायला सुरुवात केली. त्यातून निघालेल्या चिवचिवणाऱ्या, गुरगुरणाऱ्या आवाजाची त्यांची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही रचना १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ‘ॲसिड हाउस’ नावाचा नृत्यसंगीताचा प्रवाह सुरू झाला. मुंबईतल्या ध्वनिमुद्रिकेची त्यांना माहिती असण्याचे कारण नव्हते. चरणजित सिंग यांनी मात्र त्याआधी पाच वर्षे त्याच यंत्रातली एक सुविधा वेगळ्या कामासाठी वापरली होती. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाण्याची सोय टीबी-३०३ मध्ये होती. ती मींडेच्या जवळ जाणारी होती, म्हणून रागाला मानवली.

टीआर-८०८ ची कथाही अशीच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेत ‘लिन एलएम-१’ हे ड्रम मशिन आले. त्यात खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रित आवाज होते आणि किंमत होती सुमारे पाच हजार डॉलर. ८०८ त्याच्या जवळपास चौथाई किमतीत मिळत होते, पण त्यातले आवाज ट्रान्झिस्टरमधून घडवलेले, म्हणजे ‘नकली’ होते. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी पुढे सांगितले, की त्या आवाजातली खास चरचर आणण्यासाठी सदोष ठरवलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले जात. सेमीकंडक्टरचे उत्पादन सुधारले, तसे असे सदोष भाग मिळेनासे झाले आणि यंत्र बंद पडले. आज मात्र हिप-हॉप आणि पॉपमध्ये खोल घुमणाऱ्या बास ड्रमला जगभर ‘८०८’ याच नावाने ओळखले जाते.

तिसरे उदाहरण खुद्द कॅसिओचे. १९८१ मधल्या ‘एमटी-४०’ या घरगुती कीबोर्डमधील ‘रॉक’ हा तयार ठेका हिरोको ओकुदा यांनी बनवला होता. संगीताचे शिक्षण घेऊन त्या नुकत्याच कंपनीत रुजू झाल्या होत्या. जमैकात वेन स्मिथ आणि निर्माते किंग जॅमी यांनी तो ठेका संथ करून १९८५ मध्ये ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणे केले. त्या गाण्यानंतर जमैकाचे संगीत वादकांच्या ताफ्याकडून डिजिटल ठेक्याकडे वळले.

या तिन्ही कथांत एक समान धागा आहे. ही यंत्रे ज्याची नक्कल करायला बनली होती, त्यात ती नापास झाली. पण ती स्वस्त असल्याने अशा हातांत पोहोचली, ज्यांना नकलेची गरजच नव्हती.

आज यंत्रे इतकी स्वस्त कशी झाली?

पहिले कारण उत्पादनाचे. पूर्वी सर्किट बोर्डवर बरेचसे भाग हाताने बसवून सोल्डर केले जात. आता तांदळाच्या दाण्याहून लहान भाग यंत्राने बसवले जातात. जुन्या दुर्मीळ चिपच्या नव्या आवृत्त्याही पुन्हा बनू लागल्या आहेत.

दुसरे कारण काटछाटीचे. कॉर्ग कंपनीने २०१३ मध्ये ‘व्होल्का’ मालिका आणली. तळहाताहून थोडी मोठी ही यंत्रे दीडशे डॉलरच्या आसपास मिळू लागली. खऱ्या पट्ट्यांऐवजी स्पर्शाने चालणारी पट्टी, बॅटरीवर चालण्याची सोय आणि छोटा स्पीकर. ‘व्होल्का कीज’वर तीन सूर एकत्र वाजतात, पण तिघांत मिळून फिल्टर एकच. खर्च वाचतो तो अशा ठिकाणी. स्वीडनच्या टीनेज इंजिनिअरिंगने २०१५ मध्ये आणलेल्या ‘पॉकेट ऑपरेटर’ला तर बाहेरचे आवरणही नव्हते. उघडा सर्किट बोर्ड, कॅल्क्युलेटरसारखा पडदा आणि ५९ डॉलर किंमत.

तिसरे कारण संशोधनाचे. जुन्या गाजलेल्या यंत्राची नक्कल केली, की नवे घडवण्याचा बराचसा खर्च वाचतो.

मग महागड्या यंत्रात जास्तीचे काय मिळते?

मिनीमोगचेच उदाहरण घेऊ. मोग कंपनीने २०२२ मध्ये मूळ मॉडेल डी पुन्हा बाजारात आणले ते सुमारे पाच हजार डॉलरला. बेरिंगर कंपनीचे त्याच सर्किटवर आधारलेले ‘मॉडेल डी’ त्याआधीच तीनशे डॉलरच्या आसपास मिळत होते. किमतीत पंधरापटींहून जास्त फरक.

पण दोन्ही वस्तू एक नव्हेत. मोगच्या यंत्राला ४४ पूर्ण आकाराच्या पट्ट्या, लाकडी चौकट आणि हाताच्या पकडीत नीट येणारे मोठे नॉब आहेत. बेरिंगरच्या पेटीला पट्ट्याच नाहीत. तिला वेगळा कीबोर्ड जोडावा लागतो आणि नॉब इतके जवळजवळ आहेत, की एक फिरवताना बोट दुसऱ्याला लागते.

एकूणच जास्तीची रक्कम पुढील गोष्टींत जाते.

पट्ट्या : चांगल्या पट्ट्यांवर हलका आणि जोरकस आघात नेमका ओळखला जातो. काहींवर पट्टी दाबून धरल्यावर आणखी दाब दिला, की आवाज बदलतो.

नॉब : स्वस्त डिजिटल यंत्रांत नॉबच्या हालचालीचे १२८ टप्पे केलेले असतात. फिल्टर हळूहळू उघडताना पायऱ्या चढल्यासारखा आवाज येऊ शकतो. चांगल्या यंत्रात तो सलग उघडतो.

एकत्र सूर : खऱ्या ॲनालॉग यंत्रात सूर वाढले, की किंमत जवळपास त्याच पटीत वाढते.

आउटपुट : मोबाइलसारख्या छोट्या जॅकऐवजी मोठे, मजबूत सॉकेट आणि कमी खरखर.

टिकाऊपणा : धातूचा सांगाडा, घट्ट सॉकेट आणि दुरुस्तीसाठी मिळणारे सुटे भाग.

शेवटचा मुद्दा घरात बसून संगीत करणाऱ्याला किरकोळ वाटेल. पण लग्नसराईत, गणेशोत्सवात किंवा नवरात्रात रोज रात्री यंत्र टेम्पोत चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या वादकासाठी तो पोटाचा प्रश्न आहे. ऐन गाण्यात अडॅप्टरची पिन ढिली झाली, तर श्रोते किंमत विचारत नाहीत, पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतात. अशा वादकाने जास्त पैसे मोजणे हा शौक नसून व्यवसायाचा खर्च आहे.

आवाजातला फरक खरेच ऐकू येतो का?

कधी येतो, कधी नाही. एकेक सूर सुटा वाजवून, चांगल्या हेडफोनवर ऐकला तर मूळ यंत्र आणि नक्कल यांतला फरक सरावलेल्या कानाला अनेकदा कळतो. मात्र तोच सूर ढोल, बास, गायक आणि गिटार यांच्या गर्दीत बसवला, की तो ओळखणे कठीण होते. श्रोता गाणे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असेल, तर खालचे सूर बहुतांशी गळूनच जातात.

दुकानात तुलना करताना कानाची फसगत सहज होते. दोन सारख्या आवाजांपैकी किंचित मोठा असलेला आवाज माणसाला ‘चांगला’ वाटतो. शिवाय महागड्या यंत्रात घुमारा आणि प्रतिध्वनी आधीच भरपूर टाकलेले असतात. म्हणून तुलना करायची तर दोन्हींचा आवाज सारख्या पातळीवर आणावा, इफेक्ट बंद करावेत, दोन्ही एकाच स्पीकरवर वाजवावेत आणि डोळे मिटून ऐकावे. दुसऱ्या कुणाला यंत्रे बदलायला सांगितले तर आणखी उत्तम.

जुन्या ॲनालॉग आवाजातली ‘ऊब’ ही निव्वळ कल्पना नाही. ऑसिलेटर एकमेकांपासून अगदी किंचित सरकत राहतात, त्यामुळे आवाज जिवंत वाटतो. पण म्हणजे ज्या दोषासाठी एके काळी अभियंते झोप घालवत होते, त्याच दोषासाठी आज पैसे मोजले जातात. आता सॉफ्टवेअरमध्येही हा सरकतेपणा मुद्दाम घातलेला असतो.

भारतीय संगीतासाठी वेगळे काय पाहावे?

मींड, आंदोलन, कणस्वर यांशिवाय राग उभा राहत नाही. म्हणून पहिल्यांदा पाहावे ते पिच बेंडचे चाक किंवा दांडी. अगदी स्वस्त कीबोर्डमध्ये ते नसते. असल्यास त्याची झेप किती स्वरांपर्यंत वाढवता येते, हे तपासावे.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक स्वर स्वतंत्रपणे थोडा चढा-उतरा लावण्याची सोय. तोडीचा कोमल गंधार पाश्चात्त्य पद्धतीच्या ठरावीक जागी ठेवला, तर कानाला खटकतो. ही सोय काही मध्यम किमतीच्या अरेंजरमध्ये असते आणि काही महागड्या सिंथेसायझरमध्येही नसते.

तिसरी गोष्ट पट्ट्यांचा आकार. हार्मोनियमवर हात बसलेल्या वादकाला छोट्या पट्ट्यांवर तान घेणे अवघड जाते.

इलेक्ट्रॉनिक वाद्यातून भारतीय सूर काढण्याचा इतिहास आपल्याकडे जुना आहे. १९५४ च्या ‘नागिन’मधली गाजलेली बीन ही बीन नव्हतीच. पुढे संगीतकार म्हणून नाव कमावलेल्या कल्याणजींनी ती ‘क्लॅव्हायोलिन’ या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डवर वाजवली होती. एका वेळी एकच सूर काढणारे ते वाद्य होते. पण त्या सुराला कंप कसा द्यायचा, हे वाजवणाऱ्याला माहीत होते.

हुबेहूब नकला योग्य आहेत का?

यावर संगीतविश्वात दोन तट आहेत. कायद्याच्या दृष्टीने पाहिले, तर पेटंटचे संरक्षण कायमचे नसते. मोग यांच्या प्रसिद्ध फिल्टरचे पेटंट १९६९ मध्ये मंजूर झाले होते आणि ते केव्हाच संपले. त्यामुळे ते सर्किट कुणीही वापरू शकते. टीबी-३०३ सारखी जुनी यंत्रे आता संग्राहकांच्या हाती गेली आहेत आणि सेकंडहँड बाजारात त्यांना हजारो डॉलर मोजावे लागतात. अशा वेळी दीडशे डॉलरच्या आसपासची नक्कल एखाद्या विद्यार्थ्याला तो आवाज मिळवून देते. टीबी-३०३ मुळात स्वस्त होते म्हणूनच गाजले, ही बाबही विसरता येत नाही.

दुसरी बाजूही वजनदार आहे. नवे सर्किट शोधण्यात अनेक वर्षे जातात आणि त्यातले बरेच प्रयोग फसतात. तो खर्च यंत्राच्या किमतीतूनच वसूल होतो. २०२३ मध्ये मोग ही कंपनी इनम्युझिक या समूहाने विकत घेतली आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातील ॲशव्हिल येथील अनेक कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. त्याला केवळ नकला जबाबदार होत्या असे म्हणता येत नाही. पण हाताने यंत्रे बनवणाऱ्या छोट्या कारखान्यांना टिकून राहणे किती कठीण आहे, हे त्यातून दिसले.

यात मधला मार्गही आहे. कॉर्गने स्वतःच्याच १९७८ मधल्या ‘एमएस-२०’ ची छोटी, परवडणारी आवृत्ती २०१३ मध्ये काढली. जुना आवाज मूळ कंपनीकडूनच कमी किमतीत मिळाला.

मोबाइलवर सुरुवात करता येते का?

नक्कीच. आयफोनवर ‘गॅरेजबँड’ विनामूल्य आहे. अँड्रॉइडवरही सिंथेसायझरची अनेक ॲप आहेत. संगणक असेल, तर ‘सर्ज एक्सटी’ पूर्णपणे मोफत आहे आणि ‘व्हायटल’ची मोफत आवृत्ती मिळते. ही सॉफ्टवेअर क्षमतेत अनेक महागड्या यंत्रांच्या तोडीची आहेत.

मात्र एक अडचण लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे विलंब. पट्टी दाबल्यापासून आवाज येईपर्यंत १० मिलिसेकंद लागले, तर ते साडेतीन मीटरवरच्या स्पीकरमधून ऐकल्यासारखे असते. तेवढे चालते. पण ब्लूटूथ इअरफोनमध्ये हा विलंब सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो आणि लयीत वाजवणे अशक्य होते. म्हणून वाजवताना वायरचा हेडफोनच वापरावा.

घरात यूएसबी असलेला जुना कीबोर्ड पडून असेल, तर तो केबलने मोबाइलला किंवा संगणकाला जोडता येतो. १९८३ मध्ये ठरलेल्या ‘मिडी’ या समान भाषेमुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे आजही एकमेकांशी बोलतात. म्हणजे पट्ट्या जुन्या कीबोर्डच्या आणि आवाज मोबाइलचा, अशी जोडी जमू शकते.

मग पैसे कशावर खर्च करावेत?

सुरुवात करणाऱ्याने आधी फुकट सॉफ्टवेअरवर दोन-तीन रचना पूर्ण कराव्यात. त्या करताना जे वारंवार अडते, त्यावरच पैसे घालावेत. माउसने फिल्टर फिरवताना हात अडखळत असेल, तर नॉब असलेले छोटे यंत्र घ्यावे. पट्ट्या अपुऱ्या पडत असतील, तर चांगला कीबोर्ड. आपण काय वाजवतोय तेच नीट ऐकू येत नसेल, तर सिंथेसायझरच्या आधी हेडफोन.

आयात यंत्रांची परदेशातली किंमत पाहून हिशेब करू नये. आयात शुल्क, जीएसटी आणि वाहतूक धरून आकडा बराच फुगतो. घेण्यापूर्वी आपल्या शहरात दुरुस्ती होते का, हे विचारावे. सेकंडहँड घेताना प्रत्येक पट्टी, प्रत्येक नॉब आणि प्रत्येक सॉकेट तपासावे.

ईएमआयचा नियम सोपा ठेवता येतो. यंत्राच्या कमाईतून हप्ता सुटत असेल, म्हणजे कार्यक्रमांची कामे हाती असतील, तर मोठ्या यंत्राचे कर्ज समजण्यासारखे आहे. ‘हे यंत्र आले की संगीत सुचेल’ या आशेवर काढलेला हप्ता मात्र बहुधा नुसता हप्ताच राहतो. हजारो तयार आवाज असलेल्या यंत्रात अनेक जण महिनोन्‌महिने आवाज चाळत बसतात आणि गाणे एकही पूर्ण होत नाही. छोट्या यंत्रात करण्यासारखे थोडेच असते, म्हणून ते लवकर कळते आणि माणूस वाजवायला लागतो.

चरणजित सिंग यांचे २०१५ मध्ये मुंबईत निधन झाले. त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत पाच हजार डॉलरचे यंत्र रागाचा विस्तार करते आणि चारशे डॉलरचे यंत्र खाली अखंड धावत राहते. दोन्हींची गरज होती. पण त्याआधी एक गोष्ट झालेली होती. यमनात तीव्र मध्यम कुठे लागतो आणि मालकंसात पंचम का लागत नाही, हे त्या वादकाला यंत्र विकत घेण्यापूर्वीच ठाऊक होते.